उसने घेतलेले आयुष्य : विद्यार्थी-रंगभूमीवरील पात्रनिर्मितीचा नैतिक प्रश्न

१

महाविद्यालयीन रंगभूमीचा विचार मराठी समीक्षेने बहुधा दोन अंगांनी केलेला आहे. एक तर व्यावसायिक आणि प्रायोगिक रंगभूमीला नट, लेखक, दिग्दर्शक पुरविणारी पाठशाळा म्हणून. नाही तर एकांकिका या नाट्यप्रकाराची प्रयोगशाळा म्हणून. १९६३ पासून पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेतर्फे घेतल्या जाणाऱ्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेविषयी जे लिहिले-बोलले जाते ते या दोन अंगांतच सामावते. २०२२ साली अंतिम फेरीतील एकही एकांकिका करंडकास पात्र नाही, असा निर्णय परीक्षकांनी दिला, त्यानंतरची चर्चाही मुख्यतः दर्जाभोवती फिरली. दर्जाचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. तथापि त्याच्या आधी येणारा आणि त्याच्याशी आतून जोडलेला आणखी एक प्रश्न आहे. विद्यार्थ्यांची एकांकिका ज्या सामग्रीतून घडते ती सामग्री कोणाची असते, आणि ती घेताना घेणाऱ्यावर कोणते दायित्व येते?

हा प्रश्न विद्यार्थी-रंगभूमीच्या संदर्भात विशेष तीव्र होतो. त्याचे कारण तिच्या निर्मितिप्रक्रियेत आहे. तयार संहिता निवडून ती बसविण्याची पद्धत अजूनही आहे. परंतु अनेक संघ संहिता तालमीतच घडवितात. विषय ठरतो, मुले त्यावर उत्स्फूर्त प्रसंग करून पाहतात, कोणी तरी वहीत संवाद टिपून घेतो, त्यांतून पात्रे आकाराला येतात आणि अखेरीस एखादा विद्यार्थी त्या सगळ्याला लेखनाचे रूप देतो. या पद्धतीत पात्राचा उगम शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. तो पुष्कळदा तालमीच्या खोलीतच भिंतीला टेकून बसलेला असतो.

२

विवेचनाच्या सोयीसाठी असे एक उदाहरण कल्पावे. शहरातील एका महाविद्यालयाचा संघ ऊसतोड कामगारांच्या जीवनावर एकांकिका करावयाचे ठरवितो. संघातील बहुतेक मुले शहरात वाढलेली आहेत. एक मुलगी मात्र बीड जिल्ह्यातील आहे, वसतिगृहात राहते, तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन फडावर जातात. ती संघात आली ती प्रकाशयोजना शिकावयास. विषय ठरताच सर्वांच्या नजरा साहजिकच तिच्याकडे वळतात. दिग्दर्शन करणारा वरच्या वर्गातील दादा तिला म्हणतो, ‘तू सांग, तुझी आई कशी बोलते, कशी बसते.’ ती सांगते. मुकादमासमोर बोलताना आईचा पदर तोंडाशी कसा जातो, मोळी डोक्यावर घेण्यापूर्वी ती क्षणभर कशी थांबते, कोपीत परतल्यावर पाठ टेकण्याआधी ती चुलीकडेच कशी वळते. ती आणखी एक गोष्ट सांगते : रात्री आई मुकादमाची हुबेहूब नक्कल करते आणि सगळी कोपी हसू लागते.

संघातील दुसरी एक मुलगी, जिचा वाचिक अभिनय अधिक तयार आहे, ती भूमिका करते. पदर, मोळीपाशीचे थांबणे, चूल हे सगळे संहितेत येते. नक्कल येत नाही. कारण ती शोकात्म स्वराला मारक ठरेल असे दिग्दर्शकाला वाटते. प्रयोग रंगतो. प्रेक्षक हेलावतात. प्रकाशयोजना करणारी मुलगी आपल्या आईला रंगमंचावर पाहते, आणि ती आई नाही, हेही पाहते.

या प्रसंगात कोणीही दुष्ट नाही. मुलांचा हेतू चांगला आहे, विषय अगत्याचा आहे, मुलीने आपण होऊन माहिती दिली आहे. मग तिच्या मनात जी अस्वस्थता उरते ती केवळ भावनिक आहे की तिला नैतिक आशय आहे? प्रस्तुत निबंधाचा विषय हा आहे.

३

या प्रश्नाला दोन उत्तरे सहज दिली जातात. पहिले उत्तर अनुभवप्रामाण्याचे. ज्याने जे भोगले त्यानेच ते मांडावे. इतरांची मांडणी कितीही सहृदय असली तरी ती परकीच राहते. दलित साहित्याच्या चर्चेत मराठी वाचकाने हा युक्तिवाद विविध रूपांत ऐकलेला आहे आणि त्यामागील ऐतिहासिक न्यायाची मागणी नाकारता येत नाही. शतकानुशतके ज्यांच्याविषयी दुसरेच बोलत आले, त्यांनी स्वतः बोलण्याचा आग्रह धरणे हा निव्वळ साहित्यिक आग्रह नव्हता. परंतु नाटकाच्या क्षेत्रात हे उत्तर जसेच्या तसे लागू केले तर ते नाटकाच्या मुळावरच येते. कारण आपण जे नाही ते होऊन पाहणे हीच अभिनयाची पहिली अट आहे. शिवाय या उत्तराचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. ऊसतोड कामगाराच्या मुलीने फक्त ऊसतोडीविषयीच बोलावे, हॅम्लेट किंवा नोरा यांच्याशी तिला कर्तव्य नाही, असा अर्थ त्यातून निघू शकतो. तिच्या अनुभवाला मान देण्याच्या नावाखाली तिला त्याच अनुभवात कोंडून घातले जाते. उदाहरणातील मुलगी प्रकाशयोजना शिकावयास आली होती, ही गोष्ट येथे विसरता कामा नये. तिला ‘माहितगार’ कोणी केले? संघाच्या गरजेने केले.

दुसरे उत्तर कल्पनेच्या स्वातंत्र्याचे. कलावंत जगातून सामग्री घेतो, तिचे रूपांतर करतो. रूपांतरित झालेली वस्तू मूळ वस्तू नसते. म्हणून मूळ व्यक्तीचा तिच्यावर दावा राहत नाही. या उत्तरात तथ्य आहे. परंतु ते जितके सांगते त्यापेक्षा अधिक गृहीत धरते. रूपांतर झाले आहे की नाही, हे कोणी ठरवावयाचे? लेखकाच्या दृष्टीने पदराची लकब आता पात्राची झाली. मुलीच्या दृष्टीने ती अजून आईचीच आहे. एकाच लकबीचे हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात. आणि एक खरा म्हणून दुसरा रद्द होत नाही.

येथे व्यक्ती, पात्र आणि भूमिका या तीन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. व्यक्ती जगात असते. तिचे आयुष्य प्रयोगाआधी होते आणि प्रयोगानंतरही राहते. पात्र संहितेत असते. संहितेबाहेर त्याला आयुष्य नाही. भूमिका नट घडवितो; ती प्रयोगागणिक नव्याने उभी राहते. स्तानिस्लावस्कीची जी शिकवण के. नारायण काळे यांच्या द्वारा मराठी नटापर्यंत आली, ती प्रामुख्याने पात्रापासून भूमिकेपर्यंतच्या प्रवासाची आहे : दिलेली परिस्थिती कोणती, आणि त्या परिस्थितीत आपण असतो तर काय केले असते. विद्यार्थी-रंगभूमीवर मात्र व्यक्तीपासून पात्रापर्यंतचा प्रवासही त्याच मुलांना, त्याच तालमीत आणि बहुधा स्पर्धेच्या तारखेच्या दडपणाखाली करावा लागतो. तो कसा करावा, याचे शिक्षण त्यांना क्वचितच मिळते.

४

मुलीच्या अस्वस्थतेला संस्कृत काव्यशास्त्रात एक नेमके स्थान आहे. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेल्या साधारणीकरणाच्या विचारानुसार रंगमंचावरील विभाव हे अमक्या व्यक्तीचे, अमक्या काळातले असे राहत नाहीत. विशिष्टाची बंधने गळून पडतात म्हणूनच शोकाचे रूपांतर करुण रसात होते. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एक निजसुखादिविवशीभाव, म्हणजे प्रेक्षकाने आपल्याच सुखदुःखाच्या अधीन असणे. दुसरे, समोरचा भाव माझाच किंवा अमुक दुसऱ्याचाच, अशा नियमाने त्याला स्थलकालाच्या विशिष्टतेत बांधून टाकणे. या विघ्नांवर उपायही सांगितले आहेत. गायन-वादनादी रंजक साधने प्रेक्षकाला त्याच्या खाजगी दुःखातून बाहेर काढतात.

या उपपत्तीनुसार पाहिले तर प्रकाशयोजना करणारी मुलगी ही सहृदय प्रेक्षक नव्हे. तिच्या ठायी रसविघ्न आहे. आणि हे वर्णन चुकीचे नाही. ती खरोखरच रस घेऊ शकत नाही. समोरचे दुःख तिच्या लेखी साधारण होऊ शकत नाही. सौंदर्यशास्त्राचे काम येथे संपते. त्याला रसाचे स्वरूप सांगावयाचे होते, ते त्याने सांगितले. नीतिविचाराचे काम मात्र नेमके येथूनच सुरू होते. इतर चारशे प्रेक्षकांना साधारणीकरणाचा आनंद मिळावा म्हणून जिची विशिष्टता वापरली गेली, तिलाच त्या आनंदातून वगळले जाणे, ही गोष्ट सौंदर्यशास्त्राला विघ्न म्हणून बाजूस ठेवता येते. संघातील सहकाऱ्यांना तसे करता येत नाही. ती त्यांच्यातलीच एक आहे. तालमीनंतर तिच्यासोबत चहा प्यावयाचा आहे.

५

आता संहितेतून वगळल्या गेलेल्या नकलेकडे वळावे. वरवर पाहता तो केवळ संपादनाचा निर्णय आहे. वस्तुतः संपूर्ण प्रश्नाची गुरुकिल्ली तेथे आहे.

‘काव्यशास्त्रा’च्या सहाव्या प्रकरणात ॲरिस्टॉटलने शीलाची जी व्याख्या केली आहे ती निवडीशी बांधलेली आहे. माणूस काय पसंत करतो, काय टाळतो, हे ज्यातून उघड होते ते शील. ज्या भाषणात बोलणारा कशाचीच निवड वा अव्हेर करीत नाही, त्यात शील नसते. ही कसोटी विद्यार्थ्यांच्या संहितेतील आईला लावून पाहावी. ती सोसते, वाकते, थांबते, रडते. ती काही निवडते का? संहितेपुरते उत्तर नकारार्थी आहे. परिस्थिती तिच्यावर आदळते आणि ती त्या आघाताचे चिन्ह होते. म्हणजे ॲरिस्टॉटलच्या अर्थाने ती अद्याप पात्रच झालेली नाही.

प्रत्यक्षातील आई मात्र निवडत होती. दिवसभर ज्याच्यासमोर पदर तोंडाशी धरावा लागतो त्याची रात्री नक्कल करणे ही निवड आहे. पदर आणि नक्कल एकमेकांपासून तोडता येत नाहीत. पदराचा पूर्ण अर्थ नकलेमुळेच कळतो. नक्कल असेल तर पदर हे दबलेपणाबरोबरच काळजीपूर्वक पाळलेले सोंगही आहे, असे ध्यानात येते. संघाने पदर घेतला आणि नक्कल सोडली. त्यामुळे त्याने तिचे दैन्य घेतले आणि तिची बुद्धी मागे ठेवली. करुण रसाला मारक म्हणून जे वगळले, तेच खरे तर त्या करुणाला खोली देणारे होते.

म्हणून असे म्हणता येईल की येथे नैतिक उणीव आणि रूपात्मक उणीव या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या व्यक्तीकडे आपण केवळ कणवेने पाहतो तिच्या ठिकाणी निवड करणारी बुद्धी आपल्याला दिसत नाही. आणि जी दिसत नाही ती संहितेत उतरत नाही. सामाजिक विषयावरील विद्यार्थ्यांच्या एकांकिकांत पुन्हा पुन्हा जाणवणारा सपाटपणा पुष्कळदा तंत्राच्या अज्ञानातून येत नाही. तो पाहण्याच्या या सवयीतून येतो. दर्जाची चर्चा नीतीच्या चर्चेपासून तोडता येत नाही, ती या कारणाने.

तथापि हा निष्कर्ष ताणता कामा नये. नक्कल संहितेत आली असती, आई परिपूर्ण पात्र झाली असती, तर मुलीचे समाधान झालेच असते असे नाही. कदाचित ती नक्कल कोपीबाहेर जाऊ नये असेच तिला वाटले असते; मुकादमाच्या कानावर ती गेली तर पुढच्या हंगामाच्या उचलीचे काय, हा प्रश्न काल्पनिक नाही. म्हणजे लेखकावर दोन ऋणे आहेत. एक पात्राचे : त्याला निवड करू देण्याचे. दुसरे व्यक्तीचे : तिच्या आयुष्याला आपल्या कृतीचा उपद्रव न होऊ देण्याचे. पहिले फेडल्याने दुसरे फिटत नाही. चांगली एकांकिका ही वाईट वागणुकीची भरपाई नव्हे.

६

येथे एक आक्षेप संभवतो. आईने मुकादमाची नक्कल केली तेव्हा त्याची परवानगी घेतली होती काय? तीही एका जिवंत माणसाच्या लकबी उचलून पात्रच घडवीत होती. परवानगी हाच निकष मानला तर तिचेही कृत्य आक्षेपार्ह ठरेल, आणि तसे तर कोणीही म्हणणार नाही.

आक्षेप रास्त आहे, आणि तो परवानगीच्या निकषाची मर्यादा दाखवून देतो. दोन नकलांतील फरक परवानगीचा नाही. धोका कोण पत्करतो, याचा आहे. आई मुकादमाची नक्कल करते तेव्हा पकडले जाण्याची किंमत तिला मोजावी लागेल. मुकादमाजवळ उत्तर देण्याची सर्व साधने आहेत. संघ आईचे पात्र घडवितो तेव्हा मुलांना काहीच मोजावे लागत नाही, मिळाले तर पारितोषिकच मिळते. आणि चित्रण चुकले तर त्याची किंमत आई व मुलगी मोजतात. शिवाय त्यांना उत्तर देण्यासाठी रंगमंच उपलब्ध नाही. लोकनाट्याच्या परंपरेने राजाची, प्रधानाची, पाटलाची टर उडविताना कोणाची अनुमती मागितली नाही, याचे समर्थन याच तत्त्वावर करता येते. सामग्री जसजशी अधिक दुर्बल माणसाकडून येते, तसतसे घेणाऱ्याचे दायित्व वाढत जाते.

ब्रेश्टने १९३८ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात रस्त्यावरील अपघात पाहिलेल्या माणसाला नटाचा आदर्श मानले आहे. जमलेल्या लोकांना अपघात कसा घडला हे तो करून दाखवितो. तो चालक होत नाही की जखमी होत नाही. त्याचे वर्तन तेवढे दाखवितो, आणि आपण दाखवीत आहोत हे लपवीत नाही. या प्रतिमानाकडे बहुधा दुरावपरिणामाच्या अंगाने पाहिले जाते. परंतु त्यात एक नैतिक अंगही आहे. ज्यांच्यासमोर हे प्रात्यक्षिक चालते त्यांच्यात अपघात पाहिलेली इतरही माणसे असू शकतात, आणि ‘नाही, तो असा वळला नव्हता’ असे म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे. प्रात्यक्षिक दुरुस्त होऊ शकते. विद्यार्थ्यांच्या तालमीत हा अधिकार कोणाला असतो? उदाहरणातील मुलीला प्रश्न विचारले गेले. तिचा आक्षेप विचारला गेला नाही. तिला साक्षीदाराची जागा मिळाली, परीक्षकाची मिळाली नाही.

७

हौशी नाटकमंडळीच आपल्यातील एका व्यक्तीच्या आयुष्याला सामग्री करतात तेव्हा काय घडते, याचे मराठीतील सर्वांत कठोर चित्र विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ साली रंगमंचावर आलेल्या नाटकात आहे. या नाटकाकडे स्त्रीच्या छळाचे नाटक म्हणून पाहिले गेले, ते योग्यच आहे. पण ते तालमीविषयीचेही नाटक आहे. अभिरूप न्यायालयाचा खेळ करणारी मंडळी, नवख्या सामंताला कोर्ट म्हणजे काय ते कळावे म्हणून, वेळ घालविण्यासाठी एक लुटुपुटीचा खटला उभा करतात. आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभे करण्यात येते, आणि खेळाच्या आधाराने त्यांचे खाजगी आयुष्य उघडे केले जाते. सामंत हातातील कादंबरीच्या आधाराने साक्ष रचतो, आणि ती रचलेली साक्ष वास्तवाला जाऊन भिडते. जेथे बेणारे खरोखर बोलतात, तेथे भोवतालची पात्रे थिजलेली असतात. ते बोलणे त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आणि शेवटी हा तर खेळ होता, असे म्हणून मंडळी प्रयोगाच्या तयारीला लागतात.

उदाहरणातील संघाची या मंडळींशी तुलना करणे अन्यायाचे होईल. तेथे क्रौर्य आहे, येथे सद्भाव आहे. परंतु रचना तीच आहे, हे नाकारता येत नाही : सोबतच्या माणसाचे आयुष्य, खेळाने दिलेली मोकळीक, आणि अखेरीस खेळाच्याच नावाने मिळविलेली सुटका. ‘हे तर नाटक आहे’ हे वाक्य कलेची स्वायत्तता सांगण्यासाठी जितके उपयोगी पडते, तितकेच जबाबदारी झटकण्यासाठीही पडते. कोणत्या वेळी ते कशासाठी उच्चारले जात आहे, हे ओळखणे हा नाट्यशिक्षणाचा भाग व्हावयास हवा.

८

मग करावे काय? नियमावलीने हा प्रश्न सुटणार नाही. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. मंडळाची चिंता सार्वजनिक सभ्यतेची आणि शांततेची असते. पात्राच्या मागे उभ्या असलेल्या व्यक्तीची चिंता कोणत्याही मंडळाकडे सोपविता येणार नाही, आणि सोपवू नये. ती निर्मितिप्रक्रियेतच असली पाहिजे.

या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण उद्बोधक आहे. १९९८ च्या ऑक्टोबरात वायोमिंग राज्यातील लॅरमी गावी मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याची हत्या झाली. न्यूयॉर्कच्या टेक्टॉनिक थिएटर प्रोजेक्ट या मंडळीने मोइसेस कौफमन यांच्या नेतृत्वाखाली त्या गावात वारंवार जाऊन दोनशेहून अधिक मुलाखती घेतल्या, आणि त्यांतून ‘द लॅरमी प्रोजेक्ट’ हे नाटक २००० साली उभे केले. या नाटकातील दोन गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. एक, मुलाखती घेणारे नट स्वतःही त्यात पात्रे म्हणून येतात. घेणारा अदृश्य राहत नाही. दुसरी, ही मंडळी दहा वर्षांनी पुन्हा त्या गावी गेली आणि त्या परतण्यातून दुसरे नाटक झाले. यामुळे सर्व नैतिक प्रश्न सुटले असे नव्हे. परंतु सामग्री देणाऱ्याशी असलेले नाते प्रयोगाच्या पडद्याबरोबर संपत नाही, एवढे त्यांच्या कृतीने मान्य केले.

मराठी विद्यार्थी-रंगभूमीला यातून तीन साध्या गोष्टी घेता येतील. देणाऱ्याला ‘हे लिहू नका’ असे म्हणण्याचा अधिकार सांगताना असावा तसाच संहिता पुरी होईपर्यंत असावा. कारण आपण काय दिले हे माणसाला बहुधा ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावरच कळते. पात्राच्या प्रत्येक दुःखापाशी, या क्षणी ते काय निवडते आहे, असा प्रश्न तालमीत विचारला जावा. उत्तर नसेल तर दुःख खोटे नसले तरी पात्र अपुरे आहे, असे समजावे. आणि जिच्याकडून घेतले तिला केवळ माहितगार म्हणून बसवून ठेवू नये. तिला प्रकाशयोजना शिकावयाची असेल तर ती शिकू द्यावी.

तिसरी गोष्ट सर्वांत क्षुल्लक वाटते. परंतु संघाच्या सद्भावाची खरी परीक्षा तेथेच होते. ऊसतोड कामगारांविषयी कळवळा वाटणाऱ्या संघाला आपल्यातील एका मुलीला दिव्यांची जुळणी शिकविण्यास वेळ मिळाला नसेल, तर रंगमंचावरील आईसाठी प्रेक्षागृहात गाळलेल्या अश्रूंचा हिशेब पुन्हा एकदा मांडून पाहावा लागेल.

असे घडले तर एकांकिका दर वेळी चांगलीच होईल, अशी ग्वाही कोणी देऊ शकणार नाही. मात्र प्रयोगाच्या शेवटी प्रकाश मावळविणाऱ्या मुलीला, आपण कोणत्या चेहऱ्यावरून तो मावळवीत आहोत, याची लाज वाटू नये, एवढी अपेक्षा विद्यार्थ्यांच्या रंगभूमीकडून नक्कीच करता येईल.